नवं अंथरूण

मंगलाबाई कागद हातात देऊन गेली, आणि फाल्गुनीच्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की हा आता ठेवायचा कुठे? शहाद्याच्या भर बाजारपेठेतलं दुमजली घर, खाली कापडाचं दुकान, वर राहणं, खोल्याखोल्यांतून मिळून अकरा कपाटं, आणि एक चतकोर कागद लपवायला जागा सापडेना म्हणजे काय! कपाटांच्या किल्ल्या सासूबाईंच्या, मोहनबाईंच्या कमरेला; घरात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. गादीखाली ठेवावा तर चादरी रोज झटकल्या जातात. शेवटी तिनं त्याची बारीक घडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचली, आणि दिवसभर ती घडी तिला टोचत राहिली. मंगलाबाई म्हणजे या वस्तीची आशाताई. गल्लीतली निम्मी बाळंतपणं तिच्या डोळ्यांदेखत झालेली, उगाच तोंड पाडून उभी राहणारी बाई ती नव्हे. पण आज जिन्याच्या तोंडाशीच थांबली, चहाला म्हणून वर आली नाही. ‘वहिनी, तुम्हना कागद उना,’ ती म्हणाली. ‘घाबरू नका. पन डॉक्टरीनबाईकडे एक डाव जाई या.’ आणि मग जिन्यावर नजर टाकून, आवाज खाली आणून, ‘बाईले सांगू नका आते.’ घाबरू नका असं सांगितल्यावर न घाबरलेलं माणूस फाल्गुनीनं तरी आजवर पाहिलं नव्हतं.

तपासणीला ती गेली होती ती निव्वळ गंमत म्हणून. महिला मंडळाच्या बायका निघाल्या होत्या, लोणखेड्याला गर्भाशयाच्या तपासणीचं शिबिर होतं, येताना हुरडा खायचा बेत होता. पडद्याआड जाऊन यायचं, पाच मिनिटांचं काम. बाहेर येऊन जी ती पदर तोंडाला लावून हसत होती, फाल्गुनीही हसली. आता कागदावर तिचं नाव होतं, वय चौतीस होतं, आणि खाली इंग्रजीतली तीन अक्षरं, एचपीव्ही, आणि त्यांच्यापुढे पॉझिटिव्ह. अक्षरं तिनं दोनदा वाचली. कारण ती तिनं आधी पाहिली होती. आठ वर्षांपूर्वी, सुरतच्या दवाखान्यात, जीजीची जाडजूड फाईल मांडीवर घेऊन ती बाकावर बसून असायची. तास तास नंबर लागायचा नाही, मग वेळ जावा म्हणून ती फाईल वाचायची. समजायचं काहीच नाही. पण ती तीन अक्षरं एका पानावर होती, त्यांच्याभोवती कोणीतरी निळ्या पेनानं गोल केला होता. तो गोल तिला आत्ता, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं असताना, जसाच्या तसा दिसला, आणि दूध उतू गेलं. ‘लक्ष कुठं आहे?’ आतून बाई म्हणाल्या.

जीजी म्हणजे चंदना, फाल्गुनीची सख्खी मोठी बहीण. आणि मयंकची पहिली बायको. नंदुरबारच्या चांदमलजींची थोरली मुलगी या घरात आली, सुखाने नांदली, सात वर्षं वाट पाहायला लावून तिला जिया झाली, आणि जिया सहा वर्षांची असताना जीजीचं अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. चौतिसावं लागलं होतं तिला. पस्तिसावं काही लागलं नाही. मग मोठी माणसं बसली, लहान पोरीला सावत्र आई कशाला, मासी आहे ना घरची, असं ठरलं, आणि अमळनेरचं जवळजवळ नक्की झालेलं स्थळ मोडून फाल्गुनीला या घरात दिलं. त्यात वावगं असं कोणालाच वाटलं नाही. तिलाही नाही, खरं सांगायचं तर. जियाला छातीशी धरून झोपवताना तिला कित्येकदा वाटलं होतं, की हेच बरोबर आहे. फक्त पहिल्या रात्री मयंकनं दिवा मालवला आणि तिच्या तोंडून ‘जीजाजी’ असं निघून गेलं. तो क्षणभर थांबला होता. मग दोघांनीही ते ऐकलंच नाही असं केलं. जिया मात्र तिला अजून मासीच म्हणते.

होळी आठ दिवसांवर आली होती. होळीआधीचे आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार लागलेले, धडगावकडून, तोरणमाळकडून जीपा भरभरून खाली उतरत होत्या, आणि दुकानात सकाळपासून पावरा बायाबापड्यांची झुंबड, लाल कापड द्या, ते चमकीचं द्या. बाजारात कुठेतरी ढोल वाजत होता. तो ढोल एरवी तिला आवडायचा, या दिवसांत त्याच्यावाचून करमायचं नाही. आज तो नेमका तिच्या ओटीपोटात वाजत होता. ती न्हाणीघरात गेली, कडी लावली आणि स्वतःकडे पाहत उभी राहिली. काही दिसत नव्हतं. काही दुखत नव्हतं. हेच तर भयंकर होतं. आत कोणीतरी न विचारता बिऱ्हाड केलं होतं, आणि किती वर्षांपासून, कोण जाणे. ती जेवत होती, पापड लाटत होती, लग्नांतून नाचत होती, आणि ते मुकाट्यानं आत बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी जियाच्या शाळेत जाते असं सांगून ती डॉक्टर हेमांगींच्या दवाखान्यात गेली. हेमांगीबाई तापीकाठच्या गुजर पाटलांच्या, बोलायला मोकळ्या, वयानं तिच्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी कागद पाहिला, आणि फाल्गुनीनं पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की ऐकून तिचेच कान तापले. ‘मॅडम, मी तसली नाही हो.’ डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. ‘कसली?’ त्या म्हणाल्या. ‘हे बघ, याला तसली-अमकी असं काही लागत नाही. हा विषाणू संबंधातून पसरतो, कातडीला कातडी लागून. जगात निम्म्याहून जास्त माणसांना आयुष्यात कधी ना कधी होतो. एकच जोडीदार असला तरी होतो, कारण त्या जोडीदाराला आधी कधीतरी झालेला असू शकतो. पुरुषाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. ना दुखतं, ना खुपतं, ना दिसतं. बहुतेकांचा दीडदोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही बायकांचा राहतो, आणि राहिलेला वर्षानुवर्षं गर्भाशयाच्या तोंडाशी खोड्या करत बसतो. तोच आपल्याला बघायचाय. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. शुक्रवारी ये, दुर्बिणीतून बघू.’

‘भांड्यांतून?’ फाल्गुनीनं विचारलं. ‘टॉवेल, चादरी, गादी, असं?’ ‘नाही गं.’ ‘एका ताटात जेवलं तर?’ ‘अजिबात नाही.’ डॉक्टर जरा हसल्या, पण ती हसत नाही हे पाहून थांबल्या. मग तिनं जीजीचं सांगितलं. सगळंच सांगितलं, निळ्या गोलापर्यंत. ऐकताना डॉक्टरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ‘तुझे मिस्टर तेच?’ त्यांनी विचारलं, आणि फाल्गुनीनं मान हलवली. डॉक्टरांनी कागद पुन्हा जवळ ओढला. ‘तिला आणि तुला एकच विषाणू झाला असं मी छातीठोक सांगू शकत नाही,’ डॉक्टर शेवटी म्हणाल्या. ‘कोणाकडून, केव्हा, हे कोणालाच सांगता येत नाही. पुरुषांसाठी अशी रोजची तपासणीही नाही, की त्यांना आणलं आणि बघितलं. तू त्यात पडू नकोस. तू शुक्रवारी ये. आणि पोरगी चौदाची आहे म्हणतेस ना? तिला लस देऊन टाक.’

तू त्यात पडू नकोस. सांगायला काय जातं! दवाखान्यातून बाहेर पडून ती बसस्थानकापर्यंत आली, तिथून गोमाईच्या पुलापर्यंत गेली, आणि ऊन डोक्यावर असताना पुलाच्या कठड्याशी उभी राहिली. खाली नदीत पाणी म्हणायला एक पट्टी. याच पात्रात, पलीकडच्या अंगाला, जीजीची गादी जाळली होती. जीजीचं ताट, वाटी, तांब्या आधीपासूनच वेगळे केलेले, मोरीच्या वरच्या फळीवर. बाईंनीच केले, आणि कोणी त्यांना दोष दिला नाही, कारण लहान पोर होतं घरात. ती गेल्यावर गादी जाळली, उशा जाळल्या, साड्या वाटायच्या तर कोणी घेईना म्हणून त्याही दिल्या नदीत सोडून. पलंग विकला. खोली दोनदा चुन्यानं पांढरी केली, फरशी फिनाइलनं धुतली, पडदेसुद्धा ठेवले नाहीत. आणि मग फाल्गुनीसाठी सागवानी पलंग आला, नवी गादी भरून आली, सुरतहून नव्या चादरी आल्या. तिला तेव्हा किती बरं वाटलं होतं! बहिणीच्या अंथरुणावर निजावं लागणार नाही म्हणून तिनं बाईंचे पाय धरले होते. सगळं नवं आणलं होतं त्यांनी. नवरा तेवढा तोच होता.

हा विचार मनात आला आणि तिनं कठडा घट्ट धरला. मग दुसरा आला, आणि तो पहिल्याहून वाईट होता. जीजी आजारी असताना या घरात एक कुजबुज होती. मोठ्यानं कोणी बोलत नव्हतं. पण असल्या जागी रोग होतो म्हणजे उगाच होतो का, कॉलेजात होती ना ती नंदुरबारला, मुलामुलींचं एकत्र कॉलेज. एवढंच. यापुढे कोणी जायचं नाही, यापुढे जायची गरजही नव्हती. आणि फाल्गुनीला तेव्हा रूपचंद आठवला होता. कॉलेजातला मुलगा, जीजीला वह्या आणून द्यायचा, सायकल भिंतीला टेकवून दारात उभा राहायचा, आणि जीजी एरवी कधी हसत नाही तशी हसायची. बस. एवढंच पाहिलं होतं तिनं, अकराबारा वर्षांच्या पोरीनं, खिडकीतून. पण ते तिनं जपून ठेवलं होतं. आणि सुरतच्या दवाखान्यात, जीजीचे केस गेलेले, हाताला सुया, त्या बाईच्या उशाशी बसून, तिच्याच सख्ख्या बहिणीनं, फाल्गुनीनं, विचारलं होतं: ‘जीजी, कोणी होतं का गं?’ जीजीनं तिच्याकडे पाहिलं. ती रागावली नाही, तेही परवडलं असतं. तिनं नुसतं पाहिलं, आणि मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. आणि फाल्गुनीनं, शहाणीनं, त्याचा अर्थ काढला, की हो, होतं.

आठ वर्षं ती तो अर्थ बाळगून होती. मयंकशी लग्न केलं तेव्हा मनाच्या तळाशी तो होताच. बिचाऱ्याला फसवलं जीजीनं, मी नाही फसवणार. शी! आता तिच्याही नावाचा कागद होता, त्यावर तीच अक्षरं होती, आणि तिच्या आयुष्यात कोणी सायकलवाला नव्हता, कोणी वह्या आणणारा नव्हता, एका माणसाशिवाय तिला कोणाचा हातही लागला नव्हता. डॉक्टरांना सांगता येत नसेल. तिला सांगता येत होतं. दोघी बहिणी आणि एक पुरुष, यात न कळण्यासारखं काय आहे? पुलावरून जाणाऱ्या एका जीपमधून पावरा पोरांनी तिच्याकडे पाहून बासरी वाजवली. मग ती रडली, तिथेच, भर उन्हात, कोण बघतंय याची पर्वा न करता. आणि ते रडणं स्वतःसाठी नव्हतं.

मयंकला तिनं दुपारी गाठलं, दुकानाच्या माळ्यावर, जिथे कापडाची ठाणं रचलेली असतात. खाली गिऱ्हाइकांचा कलकलाट होता, वर कोऱ्या कापडाचा खळीचा वास. तो लाल ठाण काढत होता. वाईट माणूस नव्हता तो. जीजीच्या आजारात रात्र-रात्र जागला होता, जियाला डोळ्यांआड होऊ देत नव्हता, फाल्गुनीवर त्यानं कधी आवाज चढवला नव्हता. तिनं कागद त्याच्यापुढे धरला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाला, ‘कोणाकडून?’

तिला हसूच आलं. खरोखरचं, मोठ्यानं, ठाणांच्या थप्प्यांमध्ये ते विचित्र वाजलं. ‘तुम्हीच सांगा ना,’ ती म्हणाली. ‘मला काय झालंय?’ तो म्हणाला. ‘मी तर ठणठणीत आहे.’ ‘हो, आणि राहालही ठणठणीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुरुषाला कळत नाही.’ मग त्याला हळूहळू समजत गेलं. ते समजणं तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्याची तिला कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला. तो ठाणावर टेकला. ‘लग्नाच्या आधी,’ तो म्हणाला, ‘सुरतला शिकायला होतो ना. होस्टेलची पोरं तसल्या वस्तीत घेऊन गेली. दोनदा. नाही, तीनदा असेल. वीस-एकवीस वर्षांचा होतो, फाल्गुनी. शपथ घेऊन सांगतो, नंतर कधीच नाही. चंदना असताना नाही, तू असताना नाही.’ त्याला खोटं म्हणायला तिच्याकडे काही नव्हतं. तीन वेळा, पंचवीस वर्षांपूर्वी, कोण कुठली पोरगी, तिलाही कोणी दिलं असेल. आणि तिथून ते चालत आलं, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर, कोणालाही न दुखवता, लग्नाच्या मांडवातून, शेजेवरून, या घरापर्यंत. ‘म्हणजे चंदनाला,’ तो म्हणाला आणि ठाणाची कड चाचपत राहिला. खालून कोणीतरी लाल ठाणासाठी हाक मारत होतं. तो उठला, डोळे पुसले, ठाण खांद्यावर घेतलं. ‘बाईला नको सांगू,’ जिन्यावरून तो म्हणाला.

आणि सांगितलं त्यानंच. कधी सांगितलं कोण जाणे, आईपुढे त्याच्या पोटात काही राहायचं नाही, पन्नाशीकडे झुकला तरी. गुरुवारी सकाळी फाल्गुनी स्वयंपाकघरात आली तर तिचं ताट, वाटी, पेला आणि तांब्या ओट्यावर नव्हते. मोरीच्या वरच्या फळीवर होते. नीट घासून, पालथे घालून ठेवलेले. ती फळी इतकी वर्षं रिकामी असायची, तिथे काही ठेवायचं कोणाला सुचत नसे. आज तिच्यावर तिचं नाव कोरलेला पेला होता. जिया तेवढ्यात दप्तर घेऊन आली, फळीकडे पाहिलं, फाल्गुनीकडे पाहिलं. पोर सहा वर्षांची होती तेव्हा तिनं हे एकदा पाहिलेलं. ‘मासी,’ ती म्हणाली, ‘तुला पण?’ तिच्या आवाजात असं काही होतं, की फाल्गुनीचं सगळं भय एकदम जळून गेलं आणि खाली नुसता संताप उरला.

बाई हॉलमध्ये आसन घालत होत्या. फाल्गुनी समोर जाऊन उभी राहिली. ‘बाई, भांड्यांनी नाही लागत हे,’ ती म्हणाली. ‘जीजीलाही भांड्यांनी लागलं नव्हतं, आणि तिच्या भांड्यांनी कोणाला लागणारही नव्हतं. उगाच वेगळं टाकलं तिला. हे नवऱ्याकडून येतं.’ बाईंनी वर पाहिलं. गोरा, सुरकुतलेला, शांत चेहरा. ‘पुरुषाच्या अंगात काय असतं? तो धडधाकट आहे माझा. एका बापाच्या तुम्ही दोघी, दोघींना झालं. तुमच्या रक्तातच असेल.’ ‘रक्तात नाही, बाई. मयंकनी दिलं. जीजीला त्यांनी दिलं आणि मला त्यांनी दिलं. मुद्दाम नाही दिलं, त्यांना ठाऊकही नव्हतं. पण दिलं त्यांनीच.’ सात वर्षांत या घरात ती सासूपुढे एवढी वाक्यं सलग बोलली नव्हती. बाईंनी तोंडाला मुँहपत्तीची पांढरी पट्टी लावली, वाळूचं घड्याळ उलटं केलं आणि सामायिकाला, रोजच्या जैन ध्यानाला, बसल्या. अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यात संसाराचा एक शब्द बोलायचा नाही, ऐकायचा नाही. पळवाट चांगली होती, पण फाल्गुनी हलली नाही. ती समोर जमिनीवर बसून राहिली. वाळू पडत होती. बाईंची बोटं माळेवरून सरकत होती, मधेच अडकत होती, पुन्हा सरकत होती. बाहेर ढोल जवळ आला, लांब गेला. फाल्गुनीला वाटलं, यांना सगळं माहीत आहे. तिला कशावरून वाटलं ते सांगता आलं नसतं. पण ज्याला नवीन काही कळलेलं असतं तो माणूस असा बसत नाही. वाळू संपली. बाईंनी मुँहपत्ती काढून घडी केली, आसन गुंडाळलं. ‘मला काय जाब विचारतेस?’ त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. ‘तुझ्या पप्पांना विचार.’ आणि ओट्याशी जाऊन त्यांनी तिचा पेला फळीवरून खाली काढून ठेवला.

तुझ्या पप्पांना विचार. काय विचारायचं? पप्पांचा काय संबंध? तो दिवस आणि ती रात्र ते वाक्य तिच्या मागे लागलं. चार वेळा तिनं फोन हातात घेतला आणि चार वेळा खाली ठेवला. आधी शुक्रवार होऊ दे, तिनं स्वतःला बजावलं. आधी आपण जगतो की नाही ते कळू दे.

शुक्रवारी मयंक दुकान नोकरांवर टाकून आला, भोंगऱ्याच्या ऐन गर्दीत. दवाखान्यात मात्र आला नाही, समोर गाडीत बसून राहिला. आत सगळ्या बायका असतात, म्हणाला. फाल्गुनी टेबलावर निजली. पाय वर, छतावर एक पंखा, त्याच्या पात्यावर धूळ. जीजी अशी किती वेळा निजली असेल! गार काहीतरी लावलं, ते झोंबलं. शेजारच्या पडद्यावर गुलाबी, ओलं असं काही दिसायला लागलं, आणि डॉक्टर म्हणाल्या, बघायचं नसेल तर बघू नकोस. ती बघत राहिली. गुलाबीवर हळूहळू एक पांढरा डाग उमटला, नखाएवढा. हाच तो. इतक्या दिवसांनी तोंड दाखवलं होतं. तिला वाटलं आपण ओरडू. पण तिनं टेबलाची कड धरली आणि डोळे मिटले नाहीत. ‘सुरुवातीचे बदल वाटतात,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘तुकडा पाठवते, आठ दिवसांत उत्तर येईल, तोवर मी शंभर टक्के बोलणार नाही. पण मला दिसतंय त्यावरून सांगते, तू वेळेत आलीस. एवढं काढून टाकता येतं. नंतर मात्र तपासणी चुकवायची नाही.’ आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून, ‘ऊठ हळूच.’

काढून टाकता येतं. तिनं कपडे सारखे केले. आनंद असा झाला नाही. फक्त कोणीतरी मानेवरचा हात उचलावा तसं झालं. बाहेरच्या बाकावर बसून तिनं नंदुरबारला फोन लावला, आणि मम्मीनं तो पहिल्याच रिंगला उचलला. म्हणजे बाईंचा फोन आधीच गेलेला होता. पलीकडे खोकला ऐकू येत होता. माहेरच्या घरामागे मिरचीच्या पठाऱ्या, या दिवसांत लाल मिरची वाळत पडलेली, सगळं घर खोकत असतं. ‘वेळेत कळलं म्हणाल्या,’ फाल्गुनी म्हणाली. ‘बरी होईन बहुतेक.’ ‘देव पावला,’ मम्मी म्हणाली आणि रडायला लागली. ती जरा जास्तच रडत होती. आनंदाचं रडणं असं नसतं, हे फाल्गुनीच्या ध्यानात आलं.

‘मम्मी, बाई म्हणाल्या पप्पांना विचार. काय विचारू?’

खोकला.

‘सुरतच्या डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलं होतं,’ मम्मी म्हणाली. ‘तुझ्या पप्पांना आणि तुझ्या सासूला. सांगितलं, की हे जावयाकडून आलेलं असू शकतं. जावयाला सांगितलं नाही, त्याला आधीच केवढं दुःख.’

‘माझ्या लग्नाच्या आधी सांगितलं होतं हे?’

‘आधी. पण आम्हाला वाटलं, चंदनाबरोबर गेलं असेल ते. गादी जाळली, सगळं जाळलं. दीड वर्ष मधे गेलं. त्याला तर काहीच नव्हतं गं, चांगला हिंडत-फिरत होता. आम्हाला काय कळतं? पोरीचं बघायचं होतं, दोन घरांचं बघायचं होतं.’

फाल्गुनी समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. तिला राग यायला हवा होता, तो कुठेतरी लांब होता, यायला वेळ लागणार होता. आत्ता तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती विचारताना तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला. ‘जीजीला माहीत होतं का, हे कसं आलं ते?’

‘माहीत होतं,’ मम्मी म्हणाली.

‘मग तिनं मला का नाही सांगितलं? मी विचारलं होतं तिला. मी तिला नको ते विचारलं होतं, मम्मी.’

‘तिला आम्हीच गप्प केलं. पोटची पोर मागे ठेवून जायचंय, बापाचं नाव खराब करू नकोस म्हटलं.’ मम्मीला मोठी ढास लागली. ती थांबेपर्यंत फाल्गुनी कानाला फोन लावून बसून होती. ‘तेवढं ऐकलं तिनं. पण शेवटच्या दिवशी पप्पांचे पाय धरले होते तिनं. पलंगावरून उठवत नव्हतं, तरी वाकून धरले. म्हणाली, काहीही करा, पण फाल्गुनीला या घरात देऊ नका.’